विसाव्याचे घर आणि त्याचे आवार : सुरतेच्या सागरकिनाऱ्यावरील एका वारशाचा विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते इतिहासाचा धडा संपल्यावर पुस्तक मिटून ठेवीत आणि वर्गाला एकच प्रश्न विचारीत : यातले आपल्या आसपास काय उरले आहे? मी जन्मभर मराठीचे अध्यापन केले. इतिहासाचा अधिकारी अभ्यासक म्हणवून घेण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्या प्रश्नाचे ऋण माझ्यावर आहे, आणि त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने आजचा विषय मी निवडला आहे.

वारसा हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, देऊळ येते, मशीद येते, फार तर एखादा राजवाडा येतो. सुरतकरांना तापीकाठचा किल्ला आणि इंग्रज व डच यांची कबरस्ताने आठवतील. समुद्रकाठी हवा खाण्यासाठी बांधलेले एखादे घर मात्र या यादीत सहसा येत नाही. चार दिवसांच्या चैनीचे ते ठिकाण, त्यात जपण्यासारखे काय, असा आपला समज असतो. हा समज तपासून पाहावा एवढाच माझ्या व्याख्यानाचा हेतू आहे.

१. डुमस आणि पुण्यातील एक करार

आपण आपल्या घरापासूनच सुरुवात करू. रविवारी संध्याकाळी डुमसला जाऊन टोमॅटोची भजी खाल्ली नाहीत असा सुरतकर विरळा. तेथील काळी वाळू, ओहोटीच्या वेळी दूरवर उघडा पडणारा चिखल आणि खंभातच्या आखातातील मोठी भरती आपल्या परिचयाची आहे. परंतु या किनाऱ्याचा मराठी इतिहासाशी किती निकटचा संबंध आहे, याची जाणीव आपणांपैकी थोड्यांनाच असेल.

जंजिऱ्याच्या सिद्दींच्या घराण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस वारशाचा कलह झाला. सिद्दी अब्दुल करीम खान ऊर्फ बाळू मियाँ हे दावेदार पेशव्यांच्या आश्रयास आले. १७९१ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, पुण्याच्या दरबाराने त्यांच्याशी करार केला. बाळू मियाँनी जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना द्यावा आणि मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घ्यावा, असा तो व्यवहार होता. पेशव्यांना जंजिरा मिळाला नाही तो नाहीच. बाळू मियाँना मात्र मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान अस्तित्वात आले. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ते टिकले. त्या नवाबांनी विसाव्यासाठी डुमसचा किनारा पसंत केला. कोकणातील समुद्राच्या मधोमध उभ्या असलेल्या दुर्गातून निघालेले एक घराणे पुण्याच्या लेखणीने तापीच्या मुखाशी येऊन बसले आणि तेथेही त्याने समुद्राकडेच तोंड केले. मोडी कागदांतील एका ओळीचा अर्थ कधी कधी किनाऱ्यावर उभे राहिल्याशिवाय उमगत नाही, तो असा.

सुरत शहराच्या दृष्टीनेही अशा किनाऱ्याला महत्त्व होते. अरुंद गल्ल्या, उन्हाळ्याचा काहिलीचा ताप, १८३७ ची प्रचंड आग, वारंवार येणारे तापीचे पूर आणि साथीचे रोग यांनी गांजलेल्या नगराला हवापालट ही चैन नव्हती. क्षयावर रामबाण औषध उपलब्ध नसण्याच्या काळात वैद्य आणि डॉक्टर रोग्याला जे काही देऊ शकत होते, त्यात मोकळी हवा हे एक मोठे औषध होते. महात्मा गांधींचेच उदाहरण घ्या. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर ते विश्रांतीसाठी जुहूला, नरोत्तम मोरारजी यांच्या सागरकाठच्या बंगल्यात राहिले. विश्रांती किती मिळाली हा प्रश्नच आहे. कारण विधिमंडळ-प्रवेशाच्या वादासंबंधी बोलणी करण्यासाठी मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास तेथेच आले. महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. लोकमान्यांच्या सिंहगडावरील बंगल्यात विश्रांती आणि विद्याव्यासंग एकाच छपराखाली नांदत होते.

येथे माझ्या प्रतिपादनाचे सूत्र मांडतो. विसाव्याचे घर एका ठरावीक कामासाठी बांधलेले नसते. कचेरी, दुकान, प्रार्थनास्थळ यांना आपापले काम असते आणि ते काम त्यांच्या भिंतींना बांधून ठेवते. विसाव्याचे घर वर्षातील बराच काळ रिकामे, पण सज्ज असते. अंथरूण आहे, विहिरीला पाणी आहे, झाडाची सावली आहे. पाहुणा कोण येणार हे मात्र ठरलेले नाही. म्हणूनच इतिहास कधी कधी अनपेक्षित पाहुणा होऊन अशा घरी उतरतो. १९३० या एकाच वर्षात पश्चिम किनाऱ्यावरील दोन घरी तो असा उतरला.

२. दांडीचे घर

पहिले घर आपल्या शेजारचे. दांडी आज नवसारी जिल्ह्यात आहे. १९९७ पूर्वी ते वलसाड जिल्ह्यात होते. तेथील 'सैफी व्हिला' हे सागरकाठचे घर दाऊदी बोहरा समाजाचे ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचे. या समाजाचे सुरतेशी असलेले नाते आपणांस सांगावयास नको. १८१४ मध्ये येथे स्थापन झालेले सैफी विद्यापीठ त्याची साक्ष देत आहे.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सत्याग्रहींसह साबरमतीहून निघाले. १ एप्रिलला ते सुरतेत होते. सुमारे ३८५ किलोमीटरची वाट तुडवून ५ एप्रिलला ते दांडीस पोचले आणि सैफी व्हिलात उतरले. या तुकडीत पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, हे मराठी माणसाने विसरू नये. विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे शिष्य आश्रमाच्या प्रार्थनासंगीताचे धुरीण होते. पुढे १९३८ मध्ये याच सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे, काँग्रेस अधिवेशनाच्या सिद्धतेत असताना, त्यांचा अंत झाला.

५ एप्रिलच्या दिवशी दांडीत गांधीजींनी एक छोटा संदेश स्वहस्ते लिहिला. बळाविरुद्ध न्यायाच्या या लढ्यात जगाची सहानुभूती मिळावी, एवढाच त्याचा आशय. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रस्नान करून त्यांनी मूठभर मीठ उचलले. ते मीठ घरात नव्हते, अंगणापलीकडच्या खाऱ्या जमिनीवर होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दांडीच्या घरातील खोली हे स्मारकाचे अर्धेच अंग आहे. घराची पायरी, तेथून समुद्राकडे जाणारी वाट, मिठाची जमीन आणि भरतीची रेषा हे त्याचे दुसरे अंग. पायरीपासून किनाऱ्यापर्यंतची जागा बांधकामांनी भरून टाकली आणि घर तेवढे रंगवून ठेवले, तर त्या सकाळची गोष्ट सांगणारा निम्मा पुरावा आपण पुसून टाकला असे होईल.

आणखी एक बारकावा. दांडी ही रणभूमी म्हणून मनुष्याने निवडली नसावी, ईश्वरानेच निवडली असावी, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी तेथे काढले होते. कारण इतक्या आडबाजूच्या, धान्य नसलेल्या आणि पाण्याची टंचाई असलेल्या जागी हजारो माणसे कोण कशाला बोलावील? खाजणाने वेढलेल्या अशा गावात राहते घर उभे करणे आणि ते राखणे म्हणजे काय, हे या उद्गारावरून समजावे. तेथे छप्पर बांधण्यापूर्वी पाण्याचा आणि सावलीचा विचार करावा लागतो.

गांधीजी पुढे जवळच कराडी येथे पाल्याच्या झोपडीत राहू लागले आणि ४ मेच्या मध्यरात्रीनंतर तेथेच त्यांना अटक झाली. बंगला आणि झोपडी, दोन्ही या इतिहासाचे घटक आहेत; एकाने दुसऱ्याला लाजवण्याचे कारण नाही. १९६१ मध्ये सय्यदना साहेबांनी ही वास्तू राष्ट्राने स्मारक म्हणून स्वीकारावी अशी विनंती पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना केली आणि खासगी घर सार्वजनिक ठेव झाले. ३० जानेवारी २०१९ रोजी दांडीत राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारकाचे लोकार्पण झाले. यात्रेकरूंचे पुतळे आणि विस्तीर्ण आवार असलेले ते स्मारक भव्य आहे. भव्यतेचे काम ते करील. साध्या पायरीचे काम मात्र ती पायरीच करू शकते.

३. किहीमचे घर

गांधीजींच्या अटकेनंतर धारासणाच्या सत्याग्रहाची धुरा पंचाहत्तरी ओलांडलेल्या अब्बास तय्यबजी यांच्याकडे आली आणि १२ मे रोजी त्यांनाही पकडण्यात आले. बडोद्याच्या उच्च न्यायालयाचे हे निवृत्त मुख्य न्यायाधीश मूळच्या खंभातच्या तय्यबजी घराण्यातील. या घराण्याचे आणखी एक नाते समुद्राशी होते. मुंबईहून लाँचने खाडी ओलांडली की अलिबाग तालुक्यात किहीम लागते. तेथे या आप्तपरिवाराची सुट्टीची घरे होती. दांडीनंतर मी तुम्हांला तेथे नेतो, ते याच धाग्याला धरून.

अब्बास तय्यबजींच्या नात्यातील एक चौतिशीचा तरुण १९३० मध्ये जर्मनीहून पक्षिशास्त्राचे धडे घेऊन परतला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्याची पूर्वीची जागा आता राहिली नव्हती. शहरातील घरभाडे परवडेना म्हणून तो पत्नीसह किहीमच्या लहानशा घरी येऊन राहिला. हा तरुण म्हणजे सालिम अली. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर तो रोज तासन्तास त्यांच्याकडे पाहत बसला, आणि जे पाहिले ते १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी ते पारखून घेते. पसंत पडले तर ती आत राहते, आणि तिचे घर पुरे करून नर दुसऱ्या घरट्याच्या उभारणीला लागतो.

येथे भाषेचा विद्यार्थी म्हणून क्षणभर थांबतो. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले. आपणांपैकी बहुतेकांची मुळे ज्या खानदेशात आहेत, तेथील बहिणाबाई चौधरींची सुगरणही स्त्रीच आहे, पिलांसाठी झटणारी आई आहे. शास्त्राने कारागिराचे श्रेय नराला दिले म्हणून बहिणाबाई खोट्या ठरत नाहीत. त्यांनी घरटे पाहिले ते घर म्हणजे काय हे सांगण्यासाठी. परंतु सालिम अलींना जे दिसले, ते दिसण्यासाठी तीन गोष्टी लागल्या : बिनभाड्याचे छप्पर, रिकामा वेळ आणि न तोडलेली झाडे. तिन्ही गोष्टी एका विसाव्याच्या घराने पुरवल्या. त्या आवारात त्या वर्षी कोणी साफसफाई म्हणून झाडे छाटली असती, तर घर जागच्या जागी राहिले असते आणि पक्ष्यांबरोबर संशोधनही उडून गेले असते.

४. घर उरते, आवार जाते

यावरून मूळ मुद्द्याकडे येतो. अशा घराचे वारसामूल्य ठरवताना आपण भिंती मोजतो. आवार मोजत नाही. किनाऱ्यावर तर आवाराशिवाय घर टिकतच नाही. खाऱ्या वाऱ्याला अडवण्यासाठी समुद्राच्या अंगाला सुरू, उंडी, केवडा यांची फळी लागते. तिच्या आडोशाला नारळ, करंज, चिकू, आंबा तग धरतात, आणि त्यांच्या आडोशाला घर. यातील सुरू आपल्या किनाऱ्याचा मूळचा रहिवासी नव्हे. गेल्या दीडशे वर्षांत तो येथे मोठ्या प्रमाणावर लावला गेला. म्हणजे बागेतील झाडांच्या यादीतही स्थलांतराचा आणि व्यापाराचा इतिहास दडलेला असतो.

विहिरीचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. किनाऱ्यावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर हलक्या थरासारखे तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल, तर खाली त्याची खोली ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत असते. उलट अर्थाने, वरचे एक हात पाणी अविचाराने उपसले की खालून चाळीस हात खारे पाणी वर सरकते. रहाटाने किंवा मोटेने पाणी काढणाऱ्यांना हे गणित ठाऊक नव्हते, पण त्याची मर्यादा त्यांच्या हातांना ठाऊक होती. विजेच्या पंपाला ती नसते. दक्षिण गुजरातच्या किनारपट्टीत विहिरी खाऱ्या होण्याची तक्रार आपण ऐकतो, तिचे एक मोठे कारण येथे आहे.

भिंतींचीही तीच गत. जुन्या घरांचा चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेला ओलावा आणि क्षार त्यातून बाहेर पडतात. त्यावर आस्थेने सिमेंटचा गिलावा चढवला की क्षार आत कोंडले जातात आणि वीट आतून भुगा होऊ लागते. दुरुस्तीने घर मरते, ते असे. पश्चिमेचा खोल व्हरांडा, उंच जोते, सागवानी जाळ्यांची खिडकी, उतरते कौलारू छप्पर, यांतील प्रत्येक गोष्ट वाऱ्याशी आणि मिठाशी केलेली तडजोड आहे.

ऐतिहासिक बाग ही सजीव वास्तू समजावी, असा विचार १९८१ च्या फ्लॉरेन्स सनदेत जागतिक पातळीवर मांडला गेला. आपल्याकडील १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा मुख्यतः १०० वर्षांहून जुन्या वास्तूंचा विचार करतो. १९९१ ची किनारा-नियमन अधिसूचना भरतीरेषेपासूनचे अंतर मोजत असे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा-नियम करून नव्या वाटेने पाऊल टाकले. हे सारे आवश्यक आहे. पण झाड कोणी लावले, विहीर कोणत्या महिन्यात खारट होते, वारा कोणत्या बाजूने फिरतो, हे ज्ञान कोणत्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही. ते माणसांबरोबर जाते.

हे मी ग्रंथांतून शिकलो असे सांगितले, तर ते अर्धसत्य होईल. कोकणात किनाऱ्यावर माझे आजोळ होते. आम्हां नातवंडांसाठी ते सुट्टीचेच घर. कालांतराने ते विकावे लागले. वाटण्या झालेल्या कुटुंबांत जे होते तेच झाले, त्यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. विक्रीपूर्वी आम्ही सर्वजण जमलो, ओटीवर बसून छायाचित्रे काढली, दारावरची गणेशपट्टी काढून आणली. मावशी तेव्हा हयात होती आणि वाडीतील प्रत्येक झाड ती नावानिशी ओळखत असे : हे कोणाच्या बारशाला लावले, ते कोणत्या वादळात वाकले, या माडाचे शहाळे आजाऱ्याला द्यायचे. आमच्यापैकी चौघे पदवीधर होते, एक पीएच.डी. होता. एकाच्याही हाताला कागद-पेन्सिल आली नाही. पुढे वाडी गेली आणि मावशीही गेली. ती छायाचित्रे माझ्यापाशी आहेत. त्यांत आमचे चेहरे आहेत, मागे भिंत आहे. झाड एकही पुरते आलेले नाही. जुन्या हस्तलिखितांच्या पाठभेदांवर मी वर्षानुवर्षे काम केले, आणि माझ्या घरची एकमेव प्रत माझ्या डोळ्यांदेखत हरवली.

५. समारोप : एक वही

मित्रहो, या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज स्थापत्यविशारद आहेत, कंत्राटदार आहेत, महापालिकेत अधिकारी आहेत, गिरणीत आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत आहेत. काहींनी किनाऱ्यालगत जमिनीही घेतल्या असतील. तापीच्या पलीकडे हजीऱ्याचा किनारा चार दशकांत उद्योगांनी भरून गेला. अलीकडे डुमसच्या वाटेवर विमानतळ आला आणि खजोदला हिऱ्यांचा प्रचंड बाजार उभा राहिला. शहराने वाढू नये असे मी म्हणणार नाही. या वाढीनेच आपल्या लोकांना खानदेशातून येथे आणले आणि भाकरी दिली. प्रत्येक जुने घर राखता येणार नाही, हेही मी जाणतो. पण कोणते राखावे हे ठरवण्यापूर्वी काय होते याची नोंद तरी हवी.

तय्यबजी घराण्यात एक सुंदर रिवाज होता. घरात 'अखबार' नावाची वही असे आणि लहानथोर कोणीही तीत आपापले अनुभव, सहली, सुखदुःखे लिहून ठेवी. आज अभ्यासकांना त्या वह्यांतून एका समाजाचे शंभर वर्षांपूर्वीचे घरगुती जीवन दिसते. राजवाड्यांच्या दप्तरांनी जे सांगितले नाही, ते एका कुटुंबाच्या वहीने सांगितले.

म्हणून माझी या शाळेकडे एक मागणी आहे. दरवर्षी नववीच्या वर्गाची सहल डुमस किंवा दांडीला जातेच. त्या सहलीला एक वही न्यावी. एखाद्या जुन्या घरापाशी, मालकाची परवानगी घेऊन, मुलांनी नोंद करावी : झाडे किती, कोणती, कोणी लावली असे सांगतात, विहीर किती खोल, पाणी गोड की मचूळ, व्हरांडा कोणत्या दिशेला, पायरीवर उभे राहिल्यास समुद्र दिसतो की नाही. खाली तारीख आणि सांगणाऱ्या वृद्ध व्यक्तीचे नाव. दुसऱ्या वर्षीच्या वर्गाने तेथेच जाऊन ती नोंद ताडून पाहावी.

आपल्या गुरुजींच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. पहिल्या वहीचा खर्च मी देतो. ती आजच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. तिच्या पहिल्या पानावर मी काही लिहिलेले नाही. ते मुलांसाठी कोरे ठेवले आहे.